पोटावरचा कॅमेरा

फिरकीच्या आईचं म्हणणं साधं होतं. फोटो काढ नाहीतर नाच, पण दोन्ही एकदम नको. आई ग्रंथपाल होती. दिवसभर वाचकांना ‘शू’ करून करून तिला घरीही मोजकंच बोलायची सवय लागली होती.

“शाळेच्या कार्यक्रमाला येतेय मी,” ती म्हणाली. “ज्यात घोळ घालशील, ते बंद. दोन्हींत घातलास, तर दोन्ही.”

घोळाची आईला खात्री होती, आणि खरं सांगायचं तर फिरकीलाही. फोटो काढताना तिचा पाय आपोआप ताल धरायचा, त्यामुळे तिच्या फोटोतली माणसं भूकंपात सापडल्यासारखी दिसत. नाचताना मध्येच तिला खिडकीतला उजेड आवडायचा. मग बाकीचे पुढच्या स्टेपला पोचायचे आणि ही तोंड वर करून उभी. “तू नाचतेस की कावळे मोजतेस?” ग्रुपचा लीडर लंबू विचारायचा. फिरकी मात्र स्वतःला अष्टपैलू समजत असे. पैलू पुष्कळ होते, पाडायचे राहिले होते इतकंच.

कार्यक्रमात तिच्याकडे बक्षीस समारंभाचे फोटो होते, मग एक समूहगीत, मग तिच्या ग्रुपचा स्ट्रीट डान्स. समूहगीत चालू असताना कॅमेरा नीट बॅगेत ठेवायचा, बॅग कुलपात टाकायची आणि नाचायला जायचं, असा बेत होता. बेत चोख होता. फक्त समूहगीताच्या मुख्य गायिकेचा घसा ऐन वेळी बसला आणि ते गीतच रद्द झालं.

इकडे पाहुणे प्रत्येक फोटोत डोळे मिटत होते आणि मुख्याध्यापिकाबाई “अजून एक घे गं” म्हणत होत्या. शेवटी सगळ्या विजेत्यांसोबत आपणही असावं म्हणून फिरकीने कॅमेरा स्टँडवर लावला, पाहुण्यांच्या शेजारी घुसली आणि हातातल्या छोट्या रिमोटने फोटो काढला. रिमोट पँटच्या खिशात टाकून ती वळते न वळते, तोच माइकवरून तिच्याच ग्रुपचं नाव पुकारलं गेलं.

आता कॅमेऱ्याचं काय करायचं? तो मामाचा होता. देतानाच मामाने बजावलं होतं, “हा एकतर तुझ्या गळ्यात असेल, नाहीतर माझ्या कपाटात. तिसऱ्या कुणाच्या हातात दिसता कामा नये.” कुलपाचं कपाट होतं दुसऱ्या मजल्यावर. फिरकीने स्टँड पडद्यामागे ढकलला, कॅमेऱ्याचा पट्टा अंगाभोवती तिरका गुंडाळून करकचून आवळला आणि वरून ढगळ हुडी चढवली. भिंग बाहेरच्या बाजूला, म्हणजे पोटाला टोचायला नको. कॅमेरा बंद करायचा असतो, हे मात्र अष्टपैलू डोक्यात आलं नाही.

लंबूने तिच्या पोटाकडे पाहिलं. “हे काय?”

“जेवण. जरा जास्त झालं.”

गाणं सुरू झालं. पहिल्या ठेक्याला सगळ्यांनी मांडीवर थाप मारली आणि लख्ख उजेड पडला. समोरून कुणीतरी आपला फोटो काढला, अशा समजुतीने फिरकी गोड हसली. दुसऱ्या थापेला तिने खाली पाहिलं. बल्ब गिळल्यासारखं तिचं पोट उजळलं होतं. थाप बरोबर खिशातल्या रिमोटवर पडत होती.

“तुझं पोट चमकतंय,” लंबू दातांतल्या दातांत म्हणाला.

“माहितीये. नाच.”

प्रेक्षकांना ती खास योजना वाटली. शिट्ट्या सुरू झाल्या. फिरकी किती उशिरा ताल पकडते, तेही आज पहिल्यांदाच साऱ्या हॉलला दिसलं असतं, पण झालं भलतंच. पोरं त्या उजेडाची वाट बघून पाय टाकू लागली. सगळेच सारखे उशिरा, त्यामुळे उशिरा कुणीच नाही.

मग जमिनीवर पालथं पडायची वेळ आली. पोटाखाली मामाचा कॅमेरा होता, तेव्हा फिरकी उताणी पडली आणि उलट्या झुरळासारखे हातपाय हलवत राहिली. टाळ्या झाल्या. शेवटी हातांवर उभं राहून हवेत गुडघे आपटायचे होते. ती उलटी झाली, तशी हुडी सरकून तोंडावर आली. अंधारात तिने गुडघे आपटले, खिशातला रिमोट दाबला गेला. फ्लॅश पडला. आणि त्याच क्षणी सगळ्या शिट्ट्यांच्या वरचढ, कान फाडणारी एक लांबलचक शिट्टी तिने ऐकली.

रात्री जेवणाच्या टेबलावर आईने कॅमेरा पुढे ओढला. पाहुणे सगळीकडे झोपलेले. एका फोटोत ट्रॉफी पूर्ण होती, पाहुण्यांना डोकं नव्हतं. पुढे सगळं तांबूस-काळं.

“हे काय?”

“हुडी.”

“आणि हे?”

“तीच हुडी. जरा जवळून.”

आईने सुस्कारा सोडला. फोटोंत घोळ, नाचात झुरळ. मामाला उद्या फोन करते, असं ती हळूच म्हणाली. झुरळाबद्दल फिरकीचं काही म्हणणं नव्हतं, पण दोन्ही जाणार म्हणजे उरणार तरी काय? आईने शेवटच्या फोटोसाठी बटण दाबलं.

फोटो उलटा होता. आईने कॅमेरा फिरवला. प्रेक्षकांतला प्रत्येक चेहरा लख्ख, स्वच्छ, रेखीव. फिरकीने आयुष्यात काढलेला पहिला चांगला फोटो, तोही डोकं खाली आणि तोंडावर हुडी असताना, पोटाने काढलेला. तिसऱ्या रांगेत खुर्चीवर उभी असलेली एक बाई. पर्स शेजारच्या गृहस्थांच्या मांडीवर, दोन बोटं तोंडात, गाल फुगलेले.

“पुसून टाक,” आई म्हणाली.

“मामाला दाखवते आणि मग पुसते.”

आईने कॅमेरा बंद केला, पुन्हा चालू केला, पुन्हा तो फोटो पाहिला. “शनिवारी कॅमेरा, रविवारी डान्स,” ती शेवटी म्हणाली. “दोन्ही एका दिवशी दिसले, तर याद राख.”

इथे एखादी शहाणी मुलगी गुपचूप झोपायला गेली असती. पण दोन छंद धड न जमणारी फिरकी तिसऱ्याच्या मागे लागली.

“आई, तसली शिट्टी मला शिकवशील?”

आईने सवयीने “शू” केलं. मग उठली आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.