आतल्या कॉम्प्युटरचं नेट

नेट कॅफेत जायचं नाही, असं यादोराव गुरुजींनी ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं.

गुरुजींची शाळा फुलचूरला, घरापासून चालत चार मिनिटांवर. त्यांच्या पत्नी दुर्गेश्वरीबाईंची शाळा दरेकशाला. रोज सकाळची गाडी, परतीची येईल तेव्हा. सात वर्षं त्या हे निभावत होत्या. आता नवरा-बायकोला एका गावी आणण्याचे ऑनलाइन अर्ज निघाले होते आणि बाईंच्या बदलीच्या अर्जाची मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती.

वेबसाइट जुन्या ब्राउझरशिवाय उघडत नसे. पण गुरुजींच्या लॅपटॉपात पुण्याच्या भाच्यानं, उमेंद्रनं, गेल्या वर्षी व्हर्च्युअल मशीन बसवून दिलं होतं. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, जुना कॉम्प्युटर. (हे गुरुजींनी शाळेत प्रत्येकाला किमान दोनदा सांगितलं होतं.) आज नेमकं त्या पोटातल्याला नेट मिळेना.

"मामाजी, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये काही बदललं का?" उमेंद्रनं फोनवर विचारलं.

"अजून नाही. कोणतं बदलू?"

तेवढ्यात मोबाइलची बॅटरी संपली. गुरुजींनी बोर्डावरचा हाताला आला तो प्लग उपसला, चार्जर खोचला आणि वाट पाहता पाहता बदलता येईल ते प्रत्येक सेटिंग बदलून टाकलं.

साडेचारला बाई आल्या. "काऊन जी, झालं का?"

"आतल्याले नेट नाही येऊन राहिलं."

"अना बाहेरच्याले?"

"बाहेरच्याचं काय काम? अर्ज तं आतल्यात भरायचा आहे!"

"वरच्या बांधीत पाणी नाही तं खालच्या बांधीत कुठून उतरंल?" धानाच्या शेतात वाढलेल्या बाई म्हणाल्या आणि वायर धरून बोर्डापर्यंत गेल्या. राउटरचा प्लग खाली लोंबत होता. "हे कोनं काढलं?"

गुरुजींनी उमेंद्रचं नाव सांगितलं. (उमेंद्र पुण्यात होता.)

प्लग लावल्यावर बाहेरच्याला नेट आलं. आतला मात्र गुरुजींच्या उपचारांनी पुरता आडवा झाला होता.

"आता कशालेच हात नोका लावू मामाजी," चार्ज झालेल्या फोनवरून उमेंद्र काकुळतीला आला. "मागच्या वर्षीचा स्नॅपशॉट ठेवला आहे. तो उघडा. मशीन तवा जसं होतं तसंच होईल."

चार पंचावन्नला आतला कॉम्प्युटर एक वर्ष मागे गेला आणि नेट आलं! वेबसाइटवर नाव-पासवर्डही आपोआप भरले गेले.

"पाह्य, मशीन आपल्याले ओळखते!" गुरुजी म्हणाले. स्क्रीनवर फुलचूर दिसलं, दरेकसा दिसलं. वाचत बसायला वेळ कुठे होता? त्यांनी अर्ज पाठवून दिला. बाईंचे डोळे भरून आले. सात वर्षांत पहिल्यांदाच त्यांना या माणसाचा अभिमान वाटला.

दोन महिन्यांनी आदेश आला. अर्ज मंजूर! बाईंनी आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग कागद वाचला. मशीननं खरंच ओळखलं होतं. गेल्या वर्षी त्यातून गुरुजींनी स्वतःची माहिती भरली होती, तेच नाव त्यानं जपून ठेवलं होतं. अर्जदार: यादोराव. बदली: फुलचूरहून पत्नीच्या गावी, दरेकसा.

गुरुजींनी कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली. बाईंना हसू आवरेना, तेव्हा त्या पदर तोंडाशी धरून म्हणाल्या,

"सोमवारपासून दोन डबे करतो. पन आताच सांगून ठेवतो जी, गाडीत खिडकीजवळची जागा माही आहे."