टिप काढा, चादर मी झटकतो

आयुष्यभर मी एकच गोष्ट ठणकावून लिहीत आलोय: माणसाने माणसाकडून आपली उष्टी उचलून घेऊ नयेत. तेव्हा जावयाने हौसेने आम्हा दोघांना जहाजाच्या सहलीची तिकिटं आणून दिली, त्याच क्षणी मी ठरवलं. त्या तरंगत्या राजवाड्यात स्वतःचं अंथरूण स्वतः आवरणारा एक तरी मर्द निघेल, आणि तो मी असेन!

पहिल्याच सकाळी चादर ताणली, बेसिन पुसलं, ओले टॉवेल खुर्चीवर पसरले. इतक्यात आमची खोली आवरणारा दारात आला. दोन लेकरांचा बाप, पण चेहऱ्यावर कायम हसू, म्हणून बायकोने आदल्या संध्याकाळी ओळख होताच त्याला 'हसरा'च म्हणायला सुरुवात केली होती.

"काका, खोली आवरू?"

"आवरली. तू माझा नोकर नाहीस. जा, समुद्र बघ."

"समुद्र रोजच बघतो काका."

"मग आज बसून बघ."

तो घुटमळत गेला. मी मात्र जगातली गुलामी संपवल्यासारखा छाती काढून नाश्त्याला निघालो.

तिथली रीत अशी, की कामगारांची टिप न विचारता रोज आपल्या बिलात चढते. नको असेल तर काउंटरवर सांगून काढून टाकायची. हे कळलं आणि माझं टाळकं सटकलं. घाम गाळायचा कामगाराने, नफा खायचा मालकाने, आणि पगार द्यायचा प्रवाशाने? गेलो तडक काउंटरवर.

"माझी टिप काढा. मालकाला म्हणावं, पगार वाढव."

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "खोलीच्या कामाबद्दल काही तक्रार आहे का?"

"तक्रार कसली? त्याला आमच्या खोलीत कामच नाही. सगळं मी करतो. संडाससुद्धा मीच घासला."

तिचा चेहरा पडला. ती भराभर टाइप करू लागली. मला वाटलं, माझे विचार उतरवून घेतेय. म्हणून मी जरा सावकाश बोललो.

दुपारी सुपरवायझर बाई फळांची टोपली घेऊन हजर.

"तुम्हाला संडास घासावा लागला, आम्हाला फार वाईट वाटतंय."

"अहो, मी आनंदाने घासला!"

"तो तुमचा मोठेपणा. पण त्याने काहीच केलं नाही..."

"कसं करेल? मी त्याला..."

"त्याला पाठीशी घालू नका. आम्ही बघतो." आणि टोपली माझ्या मांडीवर ठेवून बाई गेल्या.

दुसऱ्या दिवशी दारात वेगळाच माणूस. बायकोने विचारलं, "आमचा हसरा कुठे गेला?"

"खाली लाँड्रीत धाडलाय. कुठल्याशा खोलीने त्याची टिप काढली. आता करार संपला की त्याला परत बोलावतील असं दिसत नाही. त्याचं घर चालतं हो यावर."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. दूध सांडलेल्या मांजराकडे बघतात, तसं.

"मी करतो नीट," मी म्हणालो.

"तुम्ही काही करू नका," ती म्हणाली आणि आंघोळीला गेली.

पण मी लेखक! कृतीने उत्तर देणारा! बेत साधा होता. खोलीत इतका पसारा करायचा, की हसऱ्याशिवाय कुणाला आवरणार नाही असं ठासून सांगता यावं. गादी उलटी केली. चादरीवर चहा ओतला. केळ्याच्या साली खोलीभर फेकल्या. मग सुपरवायझर बाईंना फोन लावला. त्या आल्या आणि दारातच थिजल्या.

"बघा," मी विजयाने म्हणालो, "हसरा नसला की हे असं होतं!"

"बघतेय," बाई दातओठ खात म्हणाल्या. "म्हणजे हा नवाही कामचुकारच निघाला."

आता लाँड्रीत दोघे झाले.

बायको केस पुसत बाहेर आली, सालीवरून घसरता घसरता वाचली, चप्पल घालून तडक काउंटरवर गेली. मी मागोमाग. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "कामगारांचं काही चुकलेलं नाही. माझ्या नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा चादर झटकली. घरी लग्नापासून मीच झटकतेय. नवी नवलाई आहे, म्हणून हा धुमाकूळ. दोघांना वर आणा आणि टिप आधी होती तशी लावा."

रांग हसली. तिथेच उभ्या असलेल्या सुपरवायझर बाईसुद्धा हसल्या. मी भिंतीवरचा जहाजाचा नकाशा वाचत राहिलो. बाहेर पडायचे दरवाजे त्यात भरपूर होते.

संध्याकाळी हसरा परत आला. मी माफी मागायला तोंड उघडणार, तोच तो हात जोडून म्हणाला, "काका, राग नाही. फक्त एक विनंती. चादर तुम्ही नका घालू. पहिल्या दिवशी तुम्ही नाश्त्याला गेलात, तेव्हा मला सगळी काढून परत घालावी लागली."

मी वाकून केळ्याची साल उचलली.

परवा घरी आलो. सकाळी उठलो, मनाशी काही ठरवून चादरीला हात घातला. स्वयंपाकघरातून, इकडे न बघताच, आवाज आला:

"राहू द्या. मला सगळी काढून परत घालावी लागेल."