कोटेशनांची स्वारी, अर्थात शून्य दराचा मुलूख सर केल्याची हकिकत

सकळ जनांस विदित व्हावे की, पुढे जो मजकूर लिहिला तो ऐकीव नव्हे, पदरचा नव्हे, आणि कोणाची भीड धरोनही लिहिला नव्हे. फत्ते जाहली म्हणजे सारेच म्हणतात आमच्यामुळे जाहली, आणि शिकस्त जाहली म्हणजे सारे संगणकाकडे बोट दाखवितात. या घरी तो प्रकार आताच सुरू जाहला आहे. चिरंजीव कचेरीत सांगतात की मसलत आमची. मातोश्री शेजारणीस सांगतात की वेळेवर चहा पोहोचविला म्हणोन निभावले. आणि कोपऱ्यावरील संगणक दुरुस्तीवाला तर येईल त्या गिऱ्हाइकास सांगत सुटला आहे. पुढे खोटे तेच खरे होवोन बसेल, सबब आम्ही लेखणी उचलली. यात आम्हांस बिदागी नाही. चहा मिळाला तोही गार. तरी घडले तैसे लिहितो.

प्रथम घराण्याचे वर्तमान. घरचे मुख्य श्रीमंत आबासाहेब, सरकारी भांडाराचे माजी अधिपती. त्यांची सारी हयात टाचण्या, झाडू, शाई आणि खुर्च्या यांच्या खरेदीत गेली, आणि तीन दुकानांची तीन कोटेशने हाती आल्याविना त्यांनी सरकारासाठी पेन्सिलही उचलली नाही. त्यांचे कारकिर्दीत पहारेकऱ्यांच्या छत्र्या पावसाळा सरोन ऐन उन्हाळ्यात आल्या, परंतु नियमाने आल्या, हे ते आजही मान ताठ करोन सांगतात. त्यांचे कुटुंब मातोश्री, यांचा अंमल मुदपाकखान्यावर आणि तेथून आवाज पोहोचेल तितक्या मुलखावर; म्हणजे सबंध घरावर. चिरंजीव विम्याच्या कचेरीत चाकरीस, बुद्धीने तल्लख, परंतु 'उद्या बघू' हे त्यांचे ब्रीद. आणि राजश्री सूनबाई, ज्यांच्यापायी ही मोहीम जाहली.

दोन वर्षांमागे मातोश्रींचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा सूनबाईंनी नोकरी सोडिली आणि त्यांची उठबस केली. हाड सांधले, मातोश्री चालू लागल्या आणि बोलणे तर कधी थांबलेच नव्हते. पण नोकरी गेली ती गेली. तेव्हापासोन भाऊबंदांत एक वाक्य रूढ जाहले की, "तिला सांगा ना, ती घरीच असते." कोणाचे विजेचे बिल भरणे, कोणासाठी बँकेच्या रांगेत उभे राहणे, कोणाकडे नळ दुरुस्तीस माणूस येणार म्हणोन तेथे जाऊन बसणे, सर्व कामगिऱ्या सूनबाईंवर. या वाक्याच्या मोठ्या पुरस्कर्त्या आबासाहेबांच्या भगिनी आत्याबाई, त्या फोनवरोन हुकूम सोडीत. सूनबाई हसोन 'बरं' म्हणत. आत काय होई ते कोणी विचारिले नाही, म्हणोन येथे नमूद करितो की राग येई. बहुत राग येई.

अशात दैवयोगे सूनबाईंस घरबसल्या एक कामगिरी मिळाली. कपडे धुण्याचे यंत्र बनविणाऱ्या एका कंपनीची माहितीपुस्तिका आपल्या भाषेत उतरवावी, तक्ते आणि चित्रे जागच्या जागी राखावी, आणि शुक्रवारी संध्याकाळपावेतो कंपनीच्या बाईंकडे रवाना करावी. काम पसंत पडल्यास पुढे मिक्सर, फ्रिज, इस्त्री असा सारा मुलूख सूनबाईंचे नावे व्हावयाचा. न पडल्यास दुसरी कोणी उभीच होती. सूनबाईंनी पदर खोचला आणि शेवटचे थोडे सोडोन सारी पुस्तिका उतरविली. 'धुतल्यानंतर पाण्याचा निचरा न झाल्यास' येथवर मजकूर आला, आणि सोमवारी सकाळी संगणकाच्या माथ्यावर लाल पट्टी प्रकटली की, मुदत संपली, यापुढे वाचता येईल, लिहिता येणार नाही.

जाहले ऐसे की, संगणक घेतला तेव्हा लिहिण्याचे सॉफ्टवेअर एका वर्षापुरते फुकट आले होते. ते वर्ष भरल्याचे कोणाचे ध्यानी नाही. पाण्याचा निचरा जेथे अडला तेथेच अडोन राहिला.

मग बाहेरच्या खोलीत, फ्रिजशेजारी, जेथे संगणक जुन्या पडद्याच्या शिवलेल्या झग्यात विराजमान असतो, तेथे दरबार भरला. चिरंजीवांनी अर्ज केला की, "मित्राकडे कॉपी आहे, किल्लीसकट देतो. पाच मिनिटांचं काम." आबासाहेबांनी फर्माविले की, चोरीचा माल या उंबऱ्याच्या आत येणे नाही, आमच्या भांडारातून सहीविना टाचणीही बाहेर गेली नाही. मुदपाकखान्यातून जाब आला की, "टाचण्या मोजत बसलात, म्हणून तर अजून भाड्याच्या घरात आहोत." हा वार आबासाहेबांनी नेहमीप्रमाणे ऐकोन न ऐकल्यासारखा केला.

मग सूनबाईंनी विनंती केली की, तेच सॉफ्टवेअर पुढील वर्षासाठी भाड्याने घ्यावे. त्याचे भाडे पाहिले तो पहिल्या कामाची सारी बिदागी त्यातच खर्ची पडत होती. आबासाहेब बोलिले की, "खुर्ची विकत घ्यायची आणि दरवर्षी तिचं भाडं भरायचं? उद्या म्हणतील, बसायचे वेगळे." चिरंजीव पुटपुटले की, नेटवर फुकटचेही मिळते. तयास हुकूम जाहला की, फुकट कोणी काही देत नाही, आणि देतो तो नंतर वसूल करितो. संगणक आबासाहेबांच्या पेन्शनीतून आला असल्याने त्याचा पासवर्ड त्यांच्या मुठीत; तो उच्चारिल्याविना यंत्रात काही नवे शिरणे नाही. सबब सर्वांचा नाइलाज. शेवटी फर्मान सुटले की, रीतसर तीन कोटेशने आणावी, ताडून पाहावी, आणि सर्वांत कमी दराचे घ्यावे. सूनबाईंनी कॅलेंडराकडे पाहिले, पण वडील माणसापुढे काय बोलणार.

मंगळवारी आबासाहेबांची स्वारी कूच करती जाहली. डोईवर टोपी, काखेत पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि जुना चष्मा. पहिले ठाणे काचेच्या दाराचे आणि गार हवेचे दुकान. तेथील पोराने गळ्यातला पट्टा सावरीत तेच वार्षिक भाडे सांगितले, आणि वर आबासाहेबांचा मोबाइल क्रमांक घेतला, ज्यायोगे आजतागायत त्यांस दिवसातून दोनदा कर्जाचे आमिष येते. आबासाहेबांनी तेथे बसून पाणी प्यायले, दर लिहून घेतला आणि डेरा उठविला.

बुधवारी दुसरे ठाणे. बाजारामागील बोळात एक दुकान, दारी कीबोर्ड टांगलेले, आत धूळ इतकी की मालकही अंधुक दिसत. तेथे वरच्या फळीवर एक खोका आबासाहेबांनी हेरिला. चकचकीत, जाड, कोपरे शाबूत, वर 'घरगुती वापरासाठी संपूर्ण संच' ऐसी अक्षरे. एकदा घ्यावा आणि कायमचा वापरावा, भाडे नाही. मालकाने धूळ झटकोन किंमत उतरविली, आणखी झटकोन आणखी उतरविली. आबासाहेबांचे डोळा पाणी आले असे म्हणतात. धुळीने आले असेही म्हणतात. वस्तू हाती धरता यावी, फळीवर ठेविता यावी, हे त्यांस हयातभर ठावके, आणि इतक्या दिवसांनी तैसी वस्तू भेटली. तरी तिसरे कोटेशन बाकी म्हणोन त्यांनी मन आवरिले.

तिसरे ठाणे घराच्या कोपऱ्यावरील दुरुस्तीवाला, बडबड्या पण कामाचा. तो बोलिला की, "काका, कशाला पैसे घालवता? फुकटचं आहे, चांगलं आहे, टाकून देतो." आबासाहेबांनी आज्ञा केली की दर लिहून द्यावा. तो म्हणाला, "फुकट म्हणजे शून्यच ना. शून्य लिहू?" आबासाहेब म्हणाले, शून्य हा दर नव्हे, ज्या कोटेशनात दर नाही ते अपूर्ण, अपूर्ण ते बाद. दुरुस्तीवाल्याने कपाळावर हात मारिला, आणि ऐसे सर्वांत स्वस्त कोटेशन स्वस्ताईच्याच अपराधापायी रद्द जाहले. आम्ही पुष्कळ मोहिमा लिहिल्या, परंतु ऐसे शहाणपण क्वचित पाहिले.

गुरुवारी खोका वाजतगाजत घरी आला. मातोश्रींनी कात्री दिली, चिरंजीवांनी वेष्टन कापिले, आणि आतून जाड पुठ्ठा, त्याआत पातळ पुठ्ठा, त्याआत एक चकाकती तबकडी निघाली. आबासाहेबांनी ती दोन बोटांत धरोन सूनबाईंस म्हटले की, "घाल." सूनबाईंनी संगणकाकडे पाहिले. संगणकास तबकडी घालावयाची फटच नव्हती. नवीन यंत्रांतून ती कधीच हद्दपार जाहली. तरी आबासाहेबांनी विजेरी आणविली आणि यंत्राची डावी बाजू, उजवी बाजू, पिछाडी आणि पोट तपासिले, जेथे केवळ धूळ आणि एक हरवलेले कानातले सापडले. मातोश्री कानातले घेवोन म्हणाल्या, "तोंडच नाही त्याला, भरवणार कुठून?" चिरंजीव हसले, आणि आईने पाहिले तैसे हसणे गिळते जाहले. दुकानदाराकडे फोन केला तो उत्तर आले की, फोडलेला माल परत नाही.

तेव्हा सूनबाई, ज्या सोमवारपासोन गप्प होत्या, त्या बोलिल्या. आवाज चढविला नाही. त्यांचे शब्द जैसेच्या तैसे लिहितो. "आबा, उद्या संध्याकाळी हे गेलं नाही, तर काम दुसरीला जाईल. त्यांचं काही अडणार नाही. आणि मी परत घरीच असेन. सगळ्यांना सोयीची." इतके बोलोन त्या भाजी निवडण्यास आत गेल्या. आबासाहेब हाती तबकडी धरोन तैसेच उभे राहिले. त्या तबकडीत त्यांस आपलेच तोंड दिसत होते, आणि ते त्यांस बरे वाटले नाही.

त्या रात्रीचे लिहिण्यासारखे काही नाही. सर्व झोपले, आबासाहेब सोडोन.

शुक्रवारी दुकानांची दारे उघडताच आबासाहेब तिसऱ्या ठाण्यावर हजर. दुरुस्तीवाला कुलूप काढीत होता. आबासाहेबांनी विचारिले की, ते फुकटचे बसविण्यास तुम्ही घरी याल, खाली बसाल, तासभर खपाल, त्याचे काय? तो म्हणाला, "काका, शेजारधर्म आहे, त्याचं काय घ्यायचं." तयावर आबासाहेबांनी जो हुकूम केला तो त्यांचे सर्व कारकिर्दीत थोर होय. ते म्हणाले, "वस्तू फुकट असेल. तुमचे कष्ट फुकट नाहीत. बसवणावळ लिहा." दुरुस्तीवाल्याने लाजत लाजत चहापाण्याइतकी रक्कम लिहिली. दर आला, दर आला म्हणजे कोटेशन पुरे जाहले, आणि तिन्हींत तेच सर्वांत कमी ठरोन नियमाने मंजूर जाहले. नियमही राहिला, माणूसही राहिला. आबासाहेबांनी पासवर्ड उच्चारिला आणि फौज आत शिरली.

परंतु लढाई खरी त्याउपरीच जाहली. नव्या सॉफ्टवेअरात पुस्तिका उघडिली तो तक्ते उधळले, रकाने एकमेकांच्या अंगावर गेले, आणि पाणी सोडण्याच्या नळीचे चित्र उठोन 'लहान मुलांना यंत्रात बसू देऊ नये' या सूचनेवर जाऊन बसले. दुरुस्तीवाला डोके खाजवोन म्हणाला, "एवढं हाताने करावं लागेल." सूनबाईंनी खुर्ची पुढे ओढिली आणि एकेक रकाना धरोन जागेवर आणिला. मातोश्रींनी खुब्यावर हात ठेवीत स्वयंपाक स्वतः केला आणि भाजीत मीठ दोनदा घातले. चिरंजीव रजा टाकोन भांडी घासते जाहले, आणि दोन कप शहीद केले. आबासाहेबांनी फोनजवळ खुर्ची मांडिली, की कोणी सूनबाईंस हाक मारू नये.

आणि तिसऱ्या प्रहरी तो फोन वाजला. पलीकडे आत्याबाई. हुकूम नित्याचा की, आमच्याकडे नळवाला यायचा आहे, आम्ही बाहेर जातो, सुनेला पाठव, ती घरीच असते. सूनबाईंची बोटे कीबोर्डावर थांबली, कारण दोन वर्षे यापुढे एकच उत्तर होते आणि ते त्यांस पाठ होते. परंतु फोन आबासाहेबांच्या हाती होता.

"ताई," ते म्हणाले, "ती घरी असते, पण कामावर असते. नळवाल्यासाठी तू थांब."

पलीकडोन काय बोलणे जाहले ते बखरीत लिहिण्याजोगे नाही. ते बहुत वेळ चालले, आणि आबासाहेबांनी ते थोरल्या बहिणीचे बोलणे म्हणोन सारे ऐकोन घेतले, परंतु शब्द मागे घेतला नाही. सूनबाईंनी मान वळविली नाही. पडद्यावरील रकाने त्यांस काही काळ नीट दिसेनात, मग दिसू लागले, आणि पाण्याचा निचरा न झाल्यास काय करावे हे त्यांनी लिहोन पुरे केले.

दिवेलागणीस पुस्तिका रवाना जाहली. जेवणे उरकता उरकता कंपनीच्या बाईंचा जाब आला की, "मिळालं. तक्ते छान राहिलेत. सोमवारी मिक्सरचं पाठवते." चिरंजीवांनी तो मोठ्याने वाचला, मातोश्रींनी पुन्हा वाचावयास लाविला, आणि खारट भाजी त्या दिवशी कोणासही खारट लागली नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. लुटीचा तपशील: एक तबकडी, ती मातोश्रींनी झाडावरील पाखरे हुसकण्यास खिडकीत टांगिली, एक खोका, जो संगणकाचा पडदा डोळ्यांसमोर यावा म्हणोन त्याखाली घातला, आणि आबासाहेबांच्या मते तेवढ्याने त्याची किंमत वसूल जाहली. शनिवारी सकाळी आबासाहेबांनी एक जुना पुठ्ठा कापिला आणि भांडारी वळणाच्या सुबक अक्षरांत पाटी लिहोन संगणकापाशी, फ्रिजच्या बाजूस, स्वहस्ते चिकटविली. सूनबाईंनी ती वाचली, चहा करण्यास आत गेल्या, आणि आम्हांसही एक कप आणोन दिला, तो या वेळी गरम. पाटीवरील मजकूर सरकारी रिवाजाचा आहे, तोच येथे उतरवोन लेखणी ठेवितो: सूनबाई, कामावर रुजू. ठिकाण: घर.