व्यक्ती क्रमांक एक्केचाळीसची संमती

म्हैसुरात बन्नीमंटपाच्या बाजूला असलेल्या एका संशोधन केंद्राला स्वयंसेवक स्त्रिया हव्या होत्या. मूल लांबवण्यासाठी दर तीन महिन्यांनी जे हार्मोनचं इंजेक्शन देतात, ते घेणाऱ्या बायकांना जंतुसंसर्ग जास्त होतो की नाही, हे तपासायचं होतं. केंद्रानं दोन हमी दिल्या होत्या : सहभाग पूर्णपणे स्वेच्छेचा राहील आणि नाव पूर्णपणे गुप्त राहील. दोन्ही हमी अक्षरशः पाळल्या गेल्या, हे आधीच सांगून टाकते.

वनजा म्हैसूरच्या जुन्या मराठी घराण्यातली. पूर्वज राजाच्या घोडदळात होते. ही एका हायस्कुलात कन्नड शिकवते. वय चौतीस, पदरी एक मुलगी. दोन वर्षं ती ते इंजेक्शन घेत होती आणि त्या दोन वर्षांत तिला चार वेळा संसर्ग झाला. जळजळ, ताप, गोळ्या, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. इंजेक्शनामुळेच होतं का, हे तिनं तीन डॉक्टरांना विचारलं. एक म्हणाला असेल, दुसरा म्हणाला नसेल, तिसरा म्हणाला पाणी भरपूर प्या. म्हणून ती आपल्या पायांनी केंद्रात गेली. नवऱ्याला, भुवनला, सगळं ठाऊक होतं. इंजेक्शनाला तोच स्कूटरवरून सोडायचा. सासरे नागोजीराव यांना मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं, कारण ते नातवाची वाट पाहत होते.

केंद्राचा नियम असा की संमतीपत्र मातृभाषेतच हवं. वनजाची मातृभाषा मराठी. मराठी संमतीपत्र होतं, कारण ते मी भाषांतरित केलं होतं. मी, मृदुला, पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे २००९पासून इथं. बावीस पानांत एकही इंग्रजी शब्द येऊ दिला नाही, याचा मला अजून अभिमान वाटतो. पहिलंच वाक्य होतं, ‘संप्रेरकाधिष्ठित गर्भनिरोधनाची जननमार्गीय संसर्गप्रवणतेशी असलेली सहसंबद्धता अभ्यासणे हे प्रस्तुत उपक्रमाचे प्रयोजन होय.’

वनजानं ते वाक्य दोनदा वाचलं आणि कागद खाली ठेवला.

“अय्यो, हे कुठलं मराठी? आम्ही घरी असं बोलत नाही. मला कन्नडात द्या की. वाचते, सही करते, अष्टे, एवढंच.”

“तुमची मातृभाषा कन्नड आहे का?” समन्वयक बाईंनी विचारलं.

“नाही. पण मी कन्नड शिकवते.”

“शिकवा ना. पण संमती मातृभाषेतच द्यावी लागेल. आणि मातृभाषेतला मजकूर वाचता येत नसेल, तर आमच्याकडे एकच रकाना आहे.”

अशा रीतीनं बी.एड. झालेल्या कन्नडच्या बाईंची नोंद ‘व्यक्ती क्रमांक एक्केचाळीस, निरक्षर’ म्हणून झाली. निरक्षर स्त्रीला मजकूर वाचून दाखवायला साक्षीदार लागतो. तो केंद्राबाहेरचा हवा, म्हणजे मी बाद. तो मराठी वाचणारा, प्रतिष्ठित आणि निःपक्षपाती हवा. केंद्रानं गावातल्या मराठी मंडळाला पत्र लिहिलं आणि मंडळाचे चिटणीस तिरुमलराव कोट घालून हजर झाले. वनजानं त्यांना पाहिलं आणि ती उठूनच उभी राहिली. लग्नात तिच्या डोक्यावर अक्षता टाकणाऱ्यांत ते पुढे होते.

“घाबरू नको गं, पोरी,” ते म्हणाले. “मी गोपनीयतेची शपथ घेतलीये. तुझं नाव ह्या तोंडातून येणार नाही.”

तिरुमलराव प्रामाणिक गृहस्थ. बावीस पानं वाचून त्यांना कळलं की आपल्यालाही यातलं काही कळलेलं नाही. न कळलेल्या कागदावर सही करणं त्यांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी मंडळाच्या पाच ज्येष्ठांची गोपनीय बैठक बोलावली आणि मजकूर समजावून सांगायला मला. ज्येष्ठांत नागोजीराव होते.

मी फळ्यावर खडूनं एकेक शब्द फोडून सांगितला. मग तिरुमलरावांनी प्रस्ताव मांडला. नाव अर्थातच गुप्त ठेवलं. “व्यक्ती क्रमांक एक्केचाळीस. वय चौतीस. हायस्कुलात कन्नडची टीचर. एक मुलगी. सासऱ्यांच्या घरी राहते, हुणसूर रोडला. दोन वर्षं इंजेक्शन घेते.”

नागोजीरावांनी एकेक खूण बोटांवर मोजली.

“हे तर आमच्याच घरात!” नागोजीराव म्हणाले.

“नावाबद्दल मी काही बोलणार नाही,” तिरुमलराव म्हणाले. शपथ म्हणजे शपथ.

घरी नागोजीरावांनी भुवनला समोर उभं केलं. भुवन म्हणाला, “अप्पा, मला ह्यातलं काहीच माहीत नाही.” पुढचं इंजेक्शन झालं नाही. कुणी आरडाओरडा केला नाही. सुनेशी बोलणं तेवढं बंद झालं आणि स्कूटरची किल्ली नागोजीरावांच्या खिशात गेली.

वनजा बसनं केंद्रात आली. इंजेक्शन थांबलं म्हणजे ती अभ्यासासाठी अपात्र. बाहेर पडण्याच्या कारणाला तीन रकाने होते : स्थलांतर, मृत्यू, स्वेच्छा.

“घरच्यांनी बंद पाडलं, असं लिहा,” वनजा म्हणाली.

“तसा रकाना नाही. कुणी हात उगारला का?”

“नाही.”

“मग स्वेच्छाच झाली.”

“आणि माझ्या प्रश्नाचं? इंजेक्शनानं होतं की नाही, ते मग मत्ते मला कोण सांगणार?”

“अहवाल येईल ना.”

मंडळाची ती बैठक इतकी गोपनीय होती की पंधरवड्यात उरलेल्या अकरा मराठी स्वयंसेवक स्त्रियाही स्वेच्छेनं बाहेर पडल्या. वर्षभरानं अहवाल आला. त्याचंही भाषांतर मीच केलं. ‘मराठी मातृभाषा असलेल्या सहभागी स्त्रिया : शून्य. त्यांच्यात आढळलेला संसर्ग : शून्य. सबब या गटात कोणतीही जोखीम दिसून आली नाही.’ तिरुमलरावांनी हा निष्कर्ष मंडळाच्या फलकावर लावला आणि समाजातल्या स्त्रियांच्या उत्तम आरोग्याबद्दल अभिनंदनाचा ठराव केला.

ही हकिकत मी आजवर पुष्कळ जणांना सांगितली. नाव न सांगता सांगावी म्हटलं, पण मग रंगत नाही. ऐकणारे सगळे सुशिक्षित. कुणी विचारतं, नवरा खरंच तसं म्हणाला? कुणी विचारतं, पुढे मुलगा झाला का? एका बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, पण असला संसर्ग तिला होतोच कसा? तिला आता बरं आहे का, हे मात्र अजून कुणी विचारलेलं नाही. मीही नाही. तुम्ही इथवर वाचलंत, तर तुमच्याही मनात काहीतरी आलंच असेल. कोणता होता तुमचा प्रश्न?