पात्यावरचा हंस

सासऱ्यांच्या सुऱ्या-कात्र्यांच्या दुकानात कामाला लागून जावयाला बरेच दिवस झाले होते, पण दुकान त्याच्या एकट्याच्या हवाली होण्याची ही पहिलीच दुपार होती. सासरे दाढ काढून घ्यायला निघाले होते. निघण्यापूर्वी त्यांनी कपाटातून कापसात गुंडाळलेली सुरी काढली आणि गल्ल्याशेजारी ठेवली.

“संध्याकाळी खानावळवाल्या बाई येतील,” ते म्हणाले. “लेक वेगळी खानावळ काढतेय, तिच्यासाठी घेतायत. पात्यावर गंजाचे ठिपके आलेत, तेवढे चाकावर घालवा. हंसाला मात्र धक्का लावू नका.”

“नाही लावणार.”

“आणि चाक चालू आहे तोवर गाणं म्हणत राहा. गळा कसाही असला तरी चालेल.”

म्हाताऱ्या माणसांची एकेक तऱ्हा असते, असं मनाशी म्हणून जावयाने मान डोलावली. सासरे पायरी उतरता उतरता पुन्हा वळले. “आजची दुपार नीट पार पडली, तर दुकानाच्या चाव्या तुमच्याकडे.” बायकोने तर सकाळीच बजावलं होतं, की बाबा चाव्या देतील, पण घेणारा जागा असायला हवा.

हे हंसाचं प्रकरण साधं नव्हतं. पाती सगळीच चकाकतात आणि मुठी सख्ख्या भावांसारख्या दिसतात. गिऱ्हाइकाने ओळखायचं कशावरून? मुठीजवळच्या नखाएवढ्या खुणेवरून. मासा असला तर पोलाद मऊ, मुकुट असला तर धार चांगली पण पातं ठिसूळ, आणि हंस असला तर डोळे मिटून घ्यावी अशी सुरी. हे जावईच गिऱ्हाइकांना रोज घोळवून घोळवून सांगायचा. “सुरीला तोंड नसतं, साहेब. खूण हेच तिचं तोंड.” हंसवाल्यांचा कारखाना कधीच बंद पडला होता आणि ही त्यांची दुकानातली शेवटची सुरी होती. खानावळवाल्या बाईंनी तर मागे एकदा फुकट देऊ केलेली बिनखुणेची सुरी परत सारली होती. “बेवारस सुरी मी घरात घेत नाही,” असं त्या म्हणाल्या होत्या.

जावई चाकाशी बसला. चाक गुणगुणू लागलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दारातून आलेलं ऊन पात्यावर पडलं आणि तिथून छतावर जाऊन हळूहळू डुलू लागलं, तळ्यातलं पाणी डुलावं तसं. गाणं म्हणायचं त्याच्या मनात होतं, पण कोणतं म्हणावं हे ठरवता ठरवता त्याला होडी दिसली. होडीत तो एकटाच होता आणि त्याच्या कमरेला चाव्यांचा जुडगा होता. पाणी निळं, गार. समोरून हंस आला, त्याच्याकडे बघून मान लववली आणि संथपणे पुढे निघाला. जावई होडी वल्हवत त्याच्यामागे गेला. हंस लांब गेला, लहान झाला, धुक्यात शिरला. किती छान, असं जावयाला वाटलं.

मग त्याने डोळे उघडले. पातं आरशासारखं झालं होतं. त्यात त्याचं स्वतःचं तोंड स्वच्छ दिसत होतं आणि हंस कुठेच नव्हता.

त्याचं धाबं दणाणलं. पातं उलटंपालटं करून बघितलं, फुंकर मारली, सदऱ्याच्या बाहीने पुसलं. पुसून गेलेली गोष्ट पुसून परत येत नाही, हे कळायलाही त्याला थोडा वेळ लागला. चाव्या गेल्या, याचं दुःख होतंच. पण लेकीसाठी म्हणून इतके दिवस या एका सुरीची वाट बघणाऱ्या बाई डोळ्यांसमोर आल्या आणि त्याला खरोखर वाईट वाटलं. दुकानाला कुलूप घालून तो मागच्या गल्लीत पळाला. तिथे बक्षिसाच्या ढाली आणि दारावरच्या पाट्या कोरणारा एक म्हातारा कारागीर बसायचा.

“हंस काढायचाय,” जावई धापा टाकत म्हणाला. “मुठीजवळ, नखाएवढा.”

“उडता की बसका?”

“पोहणारा. मान उंच, ऐटीत.”

“नमुना आणलाय?”

नमुना कुठून आणणार? हंस छापलेलं सुरीचं खोकं कधीच उंदरांनी खाल्लं होतं आणि हंस त्याने स्वतःच तळ्यापार पोचवला होता. “तुम्ही मनाने काढा,” तो म्हणाला आणि डोळे मिटून उभा राहिला. कोरणीची टकटक थांबली तेव्हा त्याने डोळे उघडून पाहिलं. पात्यावर आखूड मानेचं, चपट्या चोचीचं, पोट सुटलेलं काहीतरी बसलं होतं.

“हे बदक आहे हो,” जावई रडकुंडीला येऊन म्हणाला.

“माझा हंस असाच येतो,” कारागीर शांतपणे म्हणाला. “आजवर एकही परत आलेला नाही.”

आगीतून निघून फुफाट्यात पडलेला जावई दुकानाशी आला, तो सासरे पायरीवर उभे. गाल सुजलेला, तोंड बधिर, त्यामुळे प्रश्न सगळे भुवयांनी. उत्तर द्यायच्या आतच खानावळवाल्या बाई आल्या.

“आणा माझी सुरी,” त्या म्हणाल्या आणि पातं उजेडाला धरलं. “बघू हंस.”

जावयाला राहवलं नाही. चाव्या गेल्या तर जावोत. “बाई, एक सांगायचंय. सुरी खरी आहे, पण हा हंस मूळचा...”

सासऱ्यांच्या बधिर तोंडातून “हंऽ” असा मोठा आवाज आला.

“तुम्ही काही सांगू नका,” बाई म्हणाल्या. “मी कुणाच्या शब्दावर सुरी घेत नाही.” त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेली जुनी सुरी काढली. “ही लग्न झालं तेव्हा तुमच्या सासऱ्यांनीच दिली होती. आयुष्य गेलं हिच्यावर. हिच्याशी जुळली तरच घेईन.”

दोन्ही पाती शेजारी शेजारी ठेवली गेली. जावयाने धीर करून खाली पाहिलं. जुन्या पात्यावरही आखूड मानेचं, चपट्या चोचीचं, पोट सुटलेलं तेच बसलं होतं.

“हुबेहूब,” बाई प्रसन्न होऊन म्हणाल्या. “हल्ली लोक उंच मानेचे हंस दाखवतात. बघताक्षणी कळतं, खोटे आहेत. खरा हंस असा असतो, खात्यापित्या घरचा.” आणि दोन्ही सुऱ्या फडक्यात गुंडाळून त्या समाधानाने निघून गेल्या.

सासरे छताकडे बघत होते. तिथे आता ऊन नव्हतं. मग त्यांनी खिशातून चाव्यांचा जुडगा काढला आणि जावयासमोर सरकवला.

“गाणं म्हटलं नाहीत ना?” त्यांनी वाकड्या तोंडाने विचारलं.

“नाही.”

सासऱ्यांनी सुजलेल्या गालावर हात ठेवला. “मीही नव्हतं म्हटलं,” ते हळूच म्हणाले. “तुम्हाला होडी दिसली का?”