जावयाची गाडी अन् सप्तमीची भरती

कोकणात एसटीनं जायचं ठरलं होतं. तेवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट झालीच नसती. पण काकासाहेबांच्या डोक्यात आलं, जावयाची गाडी मागू.

काकासाहेब म्हणजे साधा माणूस नव्हे. एकतीस वर्षं धरणावर पाण्याची पातळी मोजून नुकतेच रिटायर झालेले. रोज सकाळी पट्टीवरचा आकडा बघायचा, डायरीत लिहायचा, ऑफिसला फोन करायचा. एकदाही खोटा आकडा लिहिला नाही, याचा त्यांना भारी अभिमान. पाण्याचा विषय निघाला की गल्लीत शेवटचा शब्द त्यांचाच. (नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, ते आज येईल की उद्या, हे मात्र त्यांनाही कधी सांगता आलं नाही.) आणि समुद्र? तो त्यांनी फक्त कॅलेंडरवर बघितलेला.

सोबतीला दोन दोस्त. गुलमंडीच्या बाजारात कापडाचं दुकान असलेला सांडू, आणि बिडकीन गावचा कचरू, जो गाडीत बसला की झोपतो आणि उतरला की भुकेला असतो.

जावई शिवम भला पोरगा. गाडी घेऊन महिना झालेला, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. किल्ली देताना त्याचा हात जरा रेंगाळला.

"मामा, तेवढी जपा हं."

"जावईबापू, पाण्याचा थेंब लागू देणार नाय गाडीला!" काकासाहेब छातीवर हात ठेवून म्हणाले.

"जावयापुढं माझी मान खाली घालायला लावू नका म्हंजे झालं," त्यांच्या बायकोनं, सुलेखाबाईंनी, धपाट्यांचा डबा हातात देत बजावलं. दिवाळीत ह्याच जावयाचा नवा टीव्ही नीट करायला घेऊन काकासाहेबांनी तो कायमचा शांत केला होता. आता दुसरी चूक परवडणारी नव्हती.

प्रवास झकास झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तिघं एका छोट्या गावाच्या किनाऱ्यावर उभे होते. समोर एवढं पाणी बघून कचरूसुद्धा जागा झाला. काकासाहेबांचे तर डोळे भरून आले.

"सांडू, किती रे हे पाणी! अन् कुणी टँकरवाला नाय, रांग नाय."

जिथं उतरले होते त्या घरच्या मालकीणबाईंनी निघताना सांगितलं होतं, "गाडी खाली वाळूत नेऊ नका हो, भरती येते."

"बाई, भरती पौर्णिमेला. आज सप्तमी हाय," काकासाहेब मायेनं हसले होते. "अन् पाण्याचं मला सांगू नका."

तरी माणूस शिस्तीचा. त्यांनी पाण्याच्या कडेला एक काठी रोवली आणि डायरी काढली. 'दहा वाजता, पाणी काठीजवळ. अकरा वाजता, पाणी पंधरा पावलं मागं. बारा वाजता, बावीस पावलं मागं.' हिशेब चोख होता. धरणाचं पाणी एकदा उतरायला लागलं की थेट पावसाळ्यापर्यंत उतरतच राहतं. तिकडं नदीच्या वरच्या अंगाला, नाशकात, धो धो पाऊस पडल्याशिवाय ते वर चढत नाही. आणि आकाशात तर ढगाचा तुकडाही नव्हता.

"खाली ओली वाळू कशी रस्त्यासारखी घट्ट हाय," ते म्हणाले. "गाडी तिथंच लावू. जावयाला फोटो पाठवू, लई खूश होईल."

"बाई नको म्हणल्या ना?" सांडू म्हणाला.

"एकतीस वर्षं पाणी तू मोजलं का मी?"

गाडी पाण्याजवळ लागली, फोटो झाला, जावयाचा अंगठाही आला. मग वर सुरूच्या झाडाखाली सतरंजी, धपाटे, ठेचा, गार वारा. तिघं असे झोपले, असे झोपले की विचारू नका.

चार वाजता कचरूला भुकेनं जाग आली.

"काका, आपली गाडी समुद्राकडं निघालीय का रं?"

गाडी कुठं निघाली नव्हती. समुद्रच भेटायला आला होता. चाकं अर्धी पाण्यात, आणि प्रत्येक लाट दारावर टकटक करत होती. सांडू बोंबलत पळाला. काकासाहेबही पळाले, पण मध्येच थांबले आणि खिशातून पेन काढलं.

"लिहितो काय रे मर्दा! गाडी काढ!" सांडू ओरडला.

गाडी निघेना. चाकं वाळूत रुतलेली. शेवटी चार कोळी दोरखंड आणि ट्रॅक्टर घेऊन आले.

"काका, गाडीला पोहायला शिकवता काय?" एकानं विचारलं.

काकासाहेबांचा चेहरा पडला. पण गाडी निघाली, दोनदा खोकून सुरूही झाली. मालकीणबाईंनी विहिरीवरचा पंप लावून दिला. तिघांनी दोन दिवस गाडी धुतली, पुसली, उन्हात वाळवली. इतकं गोडं पाणी वाया जाताना बघून काकासाहेब दर पाच मिनिटांनी पंप बंद करायला उठत होते.

घरी आले तर गाडी आरशासारखी लखलखत होती. शिवमनं चारी बाजूंनी फिरून बघितलं.

"वा मामा! नेली त्याहून चकाचक आणली."

सुलेखाबाईंची मान ताठ झाली. त्यांनी जावयासमोर नवऱ्याला अर्धा कप चहा जास्त दिला, असं लेकीच्या लग्नापासून सात वर्षांत घडलं नव्हतं. काकासाहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

तेवढ्यात शिवम गाडीच्या पुढच्या कप्प्यातून एक डायरी घेऊन आला. "मामा, ही तुमची राहिली का?"

आणि सरळमार्गी माणसाचं अक्षरही कसं, टपोरं! शिवम सहज वाचायला लागला.

"'चार वाजता, पाणी अर्ध्या चाकापर्यंत. सव्वाचार, पाणी दाराच्या आत. साडेचार, पाणी सीटखाली, डिकीत एक खेकडा. शेरा: आवक चालू, विसर्ग नाही.'"

खाली तारीख होती, आणि काकासाहेबांची पूर्ण सही.

शिवम डायरीकडं बघत राहिला, काकासाहेब चहाकडं. शेवटी सुलेखाबाईंनी तो कप त्यांच्या हातातून काढून घेतला.

"एकतीस वर्षं पाण्यात नोकरी केली, पर घरात कवा एक हंडा पाणी जास्तीचं आणलं नाय," त्या म्हणाल्या. "अन् आणलं तर गाडीभर, ते बी खारट!"