धुरीकाकांचं उसनं नाक

काही शेजारी वाटीभर साखर मागायला येतात, काही इस्त्री मागायला येतात. आमचे धुरीकाका नाक मागायला येतात.

"सुजाता, जरा नाक दी गो," असं दारात उभं राहून म्हणतात. हातात जॅमची रिकामी बाटली, तिच्यात मागच्या ओहोळाचं पाणी. आपण पोळ्या लाटत असू, फोनवर असू, डोक्याला मेंदी लावून बसलेले असू, त्यांना काही फरक पडत नाही. बाटलीचं झाकण उघडून थेट आपल्या नाकाखाली. वर प्रश्न, "काय येता?"

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आम्ही राहायला आलो तेव्हाची गोष्ट. बिल्डिंगचं नाव 'अमृतधारा'. जाहिरातीत 'नदीकाठचं घर' असं छापलं होतं. नदी म्हणजे डोंगरावरून येणारा एक ओहोळ. आमच्या मागच्या भिंतीपर्यंत पोहोचेस्तोवर त्याचा पार नाला झालेला असतो. सामान आलं त्या दिवशी आमचं कपाट जिन्यात अडकलं होतं, हमाल एकमेकांच्या नावाने शंख करत होते, आणि तेवढ्यात कडक इस्त्रीचा शर्ट आणि अर्धी चड्डी घातलेला एक म्हातारा माणूस कपाटाखालून वाकून वर आला आणि त्याने माझ्या नाकाला बाटली लावली.

"काय येता?"

"शी! घाण!" मी ओरडले.

"घाण म्हणजे वास नाय गो, ता तुझा मत झाला. फोडून सांग."

फोडून सांग! इकडे माझं कपाट फुटायची वेळ आली होती. मी म्हटलं, "कुजका कोबी, साबणाचं पाणी आणि वर फिनेल. झालं समाधान? आता सरका." मी जातीची फटकळ. माहेरी सगळे म्हणायचे, हिच्या तोंडी कोण लागणार. पण म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलला, जसा काही मी त्याला आहेरच केला.

मग कळत गेलं. धुरीकाका एका सरबताच्या कारखान्यात पाण्याचा वास घ्यायच्या नोकरीत होते. खरंच अशी नोकरी असते. पाण्यातला क्षार मोजायला यंत्र आहे, आंबटपणा मोजायला पट्टी आहे. वासाला मात्र अजून माणसाचंच नाक लागतं. टाकीतलं पाणी काकांनी हुंगून "चला" म्हटल्याशिवाय तिथे लिंबाचा थेंब पडत नसे. नाक शाबूत राहावं म्हणून जन्मभर त्यांनी अत्तर लावलं नाही, तपकीर ओढली नाही, घरात उदबत्ती लावली नाही. देवसुद्धा बिनवासाचे. साबण तो कुठलासा पांढरा, ज्याने हात धुतले की नाही ते धुणाऱ्यालाच कळू नये.

आणि रिटायर झाल्यावर, सगळ्या जगाला आलेल्या त्या आजारात, काकांचं नाक गेलं. ताप उतरला, खोकला गेला, वास मात्र परत आला नाही. वर्षा-दीड वर्षाने सुमनकाकू हृदयविकाराने गेल्या. या दोन्हींपैकी काका बोलायचे ते फक्त नाकाबद्दल. काकूंचा विषय निघाला की "पाणी भरायचा हा," म्हणून आत जायचे. नळाला पाणी चोवीस तास.

"माका एक भरवशाचा नाक गावला, की मी मोकळो," हे त्यांचं पालुपद. मिळेल त्याला नाक मागायचे. वॉचमनचं, कुरिअरवाल्याचं, गॅसचा पाइप तपासायला आलेल्या माणसाचं. वॉचमन बिचारा प्रत्येक वेळी "नाले का बास है साब" म्हणायचा आणि काका प्रत्येक वेळी त्याला नापास करायचे. बिल्डिंगमध्ये लोक त्यांना बघून जिना बदलायचे. आमच्याकडे जिना एकच आहे, त्यामुळे मजले बदलायचे म्हणा.

माझी नेमणूक कशी झाली ते सांगते. एका रविवारी काकांनी गेटजवळ खुर्ची टाकून सगळ्यांना एकच बाटली हुंगायला दिली. पहिले आमचे चेअरमन पेडणेकर. त्यांनी रुमाल नाकाला लावला, म्हणजे मग वास कसा घेतला देव जाणे, आणि म्हणाले, "बाप रे! तबेला! शंभर टक्के तबेला!" ओहोळाच्या वरच्या अंगाला म्हशींचा एक तबेला आहे आणि पेडणेकरांचा त्याच्यावर जुना दात. मागच्या कोणाला तर उमासेच आले. माझी पाळी आली. मी दोनदा हुंगलं.

"काही येत नाहीये. साधं पाणी आहे. येडं बनवताय का सगळ्यांना?"

काका खुर्चीतून उठून उभे राहिले. बाटलीत उकळून गाळलेलं पाणी होतं.

"काय नाय तर 'काय नाय' म्हणणारो माणूस माका हवो होतो," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी वगैरे. मला वाटलं, वय झालंय. नाक मात्र माझं पक्कं. मी दाताच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला; दिवसभर लवंगेच्या तेलात बसून घरी आलं की बाकीचे वास कसे लख्ख येतात. आणि मासळीबाजारात पापलेटाचा कल्ला उघडून नाकाला लावल्याशिवाय मी पाकिटाला हात लावत नाही. नाकाचं खानदान आहे आमचं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आमची वरात ओहोळाच्या कडेने वर. पुढे काका, पिशवीत बाटल्या. मागे मी, शिव्या देत. काका काठीने जागा दाखवायचे, मी वाकून हुंगायचे आणि फोडून सांगायचे. "शेण, ओला कडबा, थोडं दूध नासलेलं." तबेला आला. "शाम्पू आणि ग्रीस." गाड्या धुणारा आला. लोक बाल्कनीतून बघायचे. नवऱ्याने पहिल्या आठवड्यात विचारलं, "पगार देतात का?" दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, "निदान मास्क लाव." मास्क लावून वास घ्यायला मी काय पेडणेकर आहे?

सगळ्यात वर, देवळाच्या मागे, ओहोळ अजून ओहोळ आहे. पाणी दगडांवरून खळखळत येतं, तळाची वाळू दिसते, बोटभर मासे पळतात. मार्गशीर्षात तिथे हात घातला तर नखं दुखतात एवढं गार. त्या आठवड्यात रविवारऐवजी शुक्रवारी सकाळीच आम्ही तिथवर गेलो. काकांनी थर्मामीटर काढला. तापाचा! पाण्यात बुडवून वाट बघत बसले. थर्मामीटरने पिकपिक करून 'लो' एवढंच लिहिलं.

"ताप नाय," काका समाधानाने म्हणाले. "आता नाक."

मी ओंजळ भरून हुंगलं. "काही नाही."

"नीट घे."

"नीटच घेतलंय. ओला दगड, शेवाळ. बाकी काही नाही."

"ह्या असा असायला हवा होता आपल्या भिंतीकडे," काका म्हणाले. "सुमन ह्याच आवाजासाठी ही जागा घेऊया म्हणाली." आणि मग लगेच, "चल, पाणी भरायचा हा." समोर अख्खा ओहोळ वाहत होता.

आता मजा ऐका. उतरताना आम्ही जागोजागी हुंगत आलो. तबेल्याचा वास थोड्याच अंतरावर विरून गेला, शाम्पू त्याच्या पुढे विरला. आमच्या भिंतीच्या वरच्या अंगाला पाणी तसं बरं होतं. आणि भिंतीच्या खालच्या अंगाला ते अस्सल, कपाटाच्या दिवशीचं! म्हणजे कोबी आमचा, फिनेल आमचं. काकांनी काठीने झुडूप बाजूला केलं. तळमजल्यावरच्या एका घरातून जाडजूड पाइप थेट ओहोळात सोडलेला.

"ह्यात काय येता?" काकांनी विचारलं.

मी हुंगलं. परत हुंगलं. "काका, कोळंबी. ताजी सोललेली, कालचीच. लसूण आहे. आणि तिरफळ."

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग. पेडणेकर ठराव मांडत होते की तबेल्याच्या विरोधात तक्रार करावी आणि ओहोळावर स्लॅब टाकून पार्किंग करावं. गाड्यांचं नाव निघताच सगळे माना डोलवायला लागले. धुरीकाका उठले. "आमच्या नाकाचो अहवाल आसा," म्हणाले आणि मला उभं केलं.

मी सांगितलं. तबेला सुटला. गाड्या धुणारा सुटला. "भिंतीखाली जो पाइप येतो तो तळमजल्याच्या वाढवलेल्या स्वयंपाकघराचा आहे."

वाढवलेलं स्वयंपाकघर बिल्डिंगमध्ये एकच. पेडणेकर ताडकन उठले. "पुरावा काय? वासावरून आरोप करता? उद्या म्हणाल, मी काय जेवलो तेही सांगते!"

"सांगते ना. कोळंबीचं तिखलं. आम्ही शुक्रवारी सकाळी वास घेतला, दवाखान्यात जायच्या आधी. म्हणजे गुरुवारी रात्रीचं."

मार्गशीर्षातला गुरुवार. पेडणेकरवहिनींनी घट मांडला होता, सगळ्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं होतं आणि स्वतः रात्री माहेरच्या उद्यापनाला गेल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे मान वळवली. इतकी सावकाश मान वळताना मी आजवर बघितली नाही.

"तिरफळं घातली होतीस?" एवढंच विचारलं त्यांनी. "तुला तर म्हणे डबा कुठला ते माहीत नाही."

स्लॅबचा ठराव बारगळला. पाइप आठवड्याभरात मुख्य ड्रेनेजला जोडला गेला. वहिनी स्वतः खुर्ची टाकून प्लंबरवर नजर ठेवून होत्या. ओहोळाचं लगेच गंगाजल झालं असं नाही. पण भिंतीकडच्या खिडक्या लोक उघडायला लागले, आणि संध्याकाळी टीव्ही बंद असला की ओहोळ ऐकू यायला लागला.

मला वाटलं, सुटले. नाकाची नोकरी संपली. पण एका दुपारी काका आले. हातात बाटली नव्हती. "घरी ये जरा. नाक घेऊन ये," म्हणाले. नाक काय मी घरी ठेवून येणार होते? पण त्यांचा चेहरा बघून चेष्टा केली नाही.

त्यांच्या टेबलावर तीन प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, तोंडं गच्च बांधलेली. प्रत्येकीत एक सुती साडी.

"दोन सारख्या, एक वेगळी," काका म्हणाले. कारखान्यातली पद्धत. "दोन मी बाजारातून हाडून आमच्याच साबणान धुतल्यात. तिसरी..." तिथे थांबले. "तिसरी तिची. ती गेली त्या दिवशी ही साडी दोरीवर नव्हती, अंगावर नव्हती, नेसून काढून पेटीत ठेवलेली होती. त्यानंतर मी घडी उघडूक नाय. उघडली की वास उडता. आणि आसा की नाय ता माका कळणा नाय."

मी बघतच राहिले. "म्हणजे मला एवढे दिवस नाल्यावर फिरवलंत ते ह्यासाठी?"

"ओहोळ पण खरोच गो. पण नाक आधी पारखून घेवक नको? दुसरो कोणी असतो तर माझा तोंड बघून 'हो हो, येता' म्हणालो असतो. तू नाय म्हणशीत. नसलो तर नाय म्हण. खरा सांग."

मी या बाईला कधी बघितलंही नव्हतं. उगाच धीर द्यायचीही सोय नव्हती, कारण तिची साडी कुठली तेच मला ठाऊक नव्हतं. चुकीची पिशवी उचलली की संपलं. पहिली उघडली. काही नाही; कोरं कापड. दुसरी उघडली. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. तिसरीही उघडली, परत दुसरीकडे आले.

"ही. मधली."

काकांनी पिशवीचा तळ उलटा करून बघितला. तिथे पेनाने खूण केली होती. खुर्ची माझ्याजवळ ओढून ते बसले.

"फोडून सांग," म्हणाले.

मी डोळे मिटले. "खोबरेल तेल. आमसुलाचा हात पुसलाय पदराला. हळद, अगदी थोडी. घाम आहे, पण उन्हात काम केलेल्याचा नाही, गॅसपाशी उभं राहिलेल्याचा. आणि..." मी परत हुंगलं. "आणि सुरंगी."

"काय?"

"सुरंगीचा गजरा. वाळलेला."

"छट्. चुकलीस." काका एकदम कारखान्यातले साहेब झाले. "लग्न झाल्यापासून आमच्या घरात फूल नाय. माझ्या नाकासाठी तिना सुरंगी सोडली. फाल्गुनात गावच्या बायका गजरे घालून जायच्या, ही खिडकीतून बघायची. माका ठाऊक नाय?"

मी साडीची घडी उलगडली. आतल्या पदरात दोऱ्यात ओवलेल्या तपकिरी कळ्या होत्या, चुरा व्हायच्या बेतात. एक नाही, दोन-तीन गजरे होते. मी ते त्यांच्या तळहातावर ठेवले.

काकांनी बोटांवर महिने मोजले. मग हिशेब लागला. त्यांचं नाक गेल्यावर काकू वर्ष-दीड वर्ष होत्या. मधे एक फाल्गुन आला होता. त्याच घरात, याच माणसाच्या शेजारी, ती बाई पदराआड सुरंगी माळून वावरली होती आणि यांना पत्ता नव्हता.

"केसांत माळली असतली?" त्यांनी विचारलं.

मी दोऱ्याचं टोक बघितलं. गाठीत एक पांढरा केस अडकला होता. "माळली होती, काका."

ते हसायला लागले. हसता हसता डोळे भरून आले आणि पुसायचं भानही राहिलं नाही. मलाही रडू आवरेना.

"नाक गेला ता बरा झाला," धुरीकाका म्हणाले. "बरा झाला गो."

मग एकदम गडबडीने उठले, गजरे होते तसे पदरात ठेवले आणि पिशवी माझ्यापुढे धरली. "बांध, बांध लवकर. उडात."